आर्किटेक्चरमधले ‘कोरडे’ विषय आणि नागपूरचा उन्हाळा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी सायन्स झाली, नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) दिली, नागपुरातल्या एका कॉलेजात बी.आर्क.ला प्रवेश मिळण्यासारखा आहे. चित्रकला चांगली, डिझाइनची आवड, गणित मात्र बेताचं. सीनियर सांगतात की बिल्डिंग कन्स्ट्रक्शन, स्ट्रक्चर्स, क्लायमॅटॉलॉजी (हवामान आणि इमारत), सर्व्हिसेस (पाणी, वीज, निचरा) हे विषय कोरडे. पास होण्यापुरते करायचे, खरा खेळ डिझाइनच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं तिथे. बाबांचं म्हणणं, बांधकामाची एवढी हौस आहे तर सरळ सिव्हिल कर. आणि शिकायचंच तर पुण्याला का जाऊ नये, हेही मनात आहेच.

मी वीसेक वर्षं नागपुरातच प्रॅक्टिस करतेय. बहुतेक काम घरांचं, थोडे दवाखाने, एखाददुसरी शाळा. मधून मधून कॉलेजात बांधकामाचा विषय शिकवायलाही जाते, त्यामुळे तुझे सीनियर जे बोलतात ते माझ्याही कानावर येतं. तुझ्या प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेत, पण मूळ मला एकच दिसतं. डिझाइन वेगळं, तंत्र वेगळं, आणि पहिलं आवडतं म्हणून दुसरं सोसायचं, असं तू धरून चालली आहेस. सीनियर तेच सांगतात, बाबाही एका परीने तेच म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, निदान नागपूरसारख्या गावात तरी. इथे ज्याला ऊन, माती आणि पाणी कळत नाही त्याचं डिझाइन कागदावरच छान दिसतं.

नुसतं बोलण्यापेक्षा एक खिडकी घेऊ. पश्चिमेची बेडरूम, चार फूट उंचीची खिडकी, वर नेहमीसारखा दोन फुटांचा छज्जा. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांच्या आसपास असतो, आणि जवळजवळ नेमका पश्चिमेला. छज्ज्याची सावली खिडकीवर किती उतरणार? दोन गुणिले टॅन ३४, म्हणजे दीड फुटाहूनही कमी. उरलेली अडीच फूट काच सरळ उन्हात. पूर्ण खिडकी सावलीत आणायची तर छज्जा सहा फुटांचा लागेल, आणि तो कुणी घालत नाही. म्हणजे पश्चिमेला छज्जा हे उत्तरच नाही. तिथे उभे पडदे हवेत, जाळी हवी, नाहीतर मुळात बेडरूम तिथे नकोच. जिना, बाथरूम, स्टोअर त्या बाजूला ढकलायचं.

आता तीच खिडकी दक्षिणेला ने. मेच्या दुपारी सूर्य डोक्यावर असतो, दोन फुटांचा छज्जा पुरून उरतो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली येतो. टॅन ४५ म्हणजे एक, सावली दोन फूट, आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून हिवाळ्याचं ऊन खोलीत येतं, जे आपल्याला हवंच असतं. तोच छज्जा, तीच खिडकी, फक्त दिशा बदलली. उत्तरेचंही ऐक. मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या त्या नऊ दिवसांत, नागपुरात दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारचाही किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे पुस्तकातलं वाक्य इथे तंतोतंत खरं नाही.

हे क्लायमॅटॉलॉजी. यात दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे काही नाही. आणि हे डिझाइन नाही तर काय आहे? खोल्या कुठे ठेवायच्या, दर्शनी भागाला काय चेहरा द्यायचा, हे सगळं त्या ३४ अंशांवरून ठरलं.

दुसरं उदाहरण कूलरचं, कारण त्याच्याइतकं नागपुरी काही नाही. मेच्या दुपारी तापमान ४४ आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते, २३च्या जवळपास येतं. कूलर हवेला त्या दिशेने खाली नेतो, म्हणून २७-२८ अंशांचा वारा अंगावर येतो आणि आपण दुपारची झोप काढतो. जुलैत तापमान ३२ असलं तरी आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेलेली असते, ओला बल्ब २८च्या आसपास. कूलर तोच, ताट्या त्याच, पण आता तो फक्त ओल पसरवतो. म्हणून नागपूर ‘संमिश्र हवामान’ या गटात येतं. उन्हाळ्यात बंद, जाड, सावलीचं घर हवं. पावसाळ्यात आरपार वारा खेळणारं. एकाच घरातून दोन घरांची कामं करून घ्यायची असतात, आणि आर्किटेक्टची खरी परीक्षा इथे असते.

मग घर तयार होतं तेव्हा काय दिसतं? मनीषनगर, बेसा, कुठलीही नवी स्कीम घे. प्लॅनमध्ये कूलरला जागाच नसते. लोक राहायला आले की पहिल्या उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकतात, खिडकी अर्धी बंद होते, पाणी खालच्या मजल्याच्या भिंतीवर ओघळतं, दोन वर्षांत पांढरा क्षार आणि गंज. शिवाय कूलरची हवा बाहेर जायला समोरून वाट लागते. ती नसेल तर खोली तासाभरात दमट होते. मी प्रत्येक घरात कूलरची जागा, त्याच्या खालचा निचरा, भरायचा नळ, प्लग पॉइंट आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक झडप, हे वर्किंग ड्रॉइंगमध्येच, म्हणजे साइटवर बांधायला दिलेल्या नकाशातच, दाखवते. पुण्याहून शिकून आलेल्या एका हुशार मुलाने माझ्या ऑफिसात हा तपशील पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला तो गावंढळ वाटला होता. मे उजाडला आणि मत बदललं.

स्लॅबचं तर बोलायलाच नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री अकराला पंखा लावला की छतावरची गरम हवाच खाली येते, हे तू स्वतः भोगलं असशील. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ या ऊर्जा संहितेत छताच्या यू-मूल्याची, म्हणजे छतातून किती उष्णता आत येते त्या मापाची, मर्यादा १.२ आहे. उघडा पाच-सहा इंची आरसीसी स्लॅब जवळजवळ त्याच्या तिप्पट उष्णता आत सोडतो. हा आकडा एकदा डोक्यात बसला की वर इन्सुलेशनचा थर, ब्रिकबॅट कोबा, पांढरी चायना मोझॅक यांतलं काय कुठे घालायचं याचा तू विचार करतेस. नसेल बसला तर ग्राहकाला एसीचं टनेज वाढवायला सांगतेस.

माती. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया टाकला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पाया मुरुमापर्यंत न्यायचा, प्लिंथमध्ये काळी माती भरायची नाही, घराभोवती पाणी मुरू द्यायचं नाही. एवढं तरी प्रत्येकाला ठाऊक हवं. पण कंपाउंड वॉल एका बाजूला कललेली दिसली नाही अशी गल्ली मला अजून सापडायची आहे.

आता गणिताची भीती. बी.आर्क.मधलं स्ट्रक्चर्स म्हणजे सिव्हिलवाल्यांचं स्ट्रक्चर्स नव्हे. तुला बारावीच्या फिजिक्समधला मोमेंट कळत असेल तर सुरुवात झालेली आहे. उदाहरण देते. बीमवर एकसारखं वजन असेल तर बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, वर्गाच्या पटीत वाढतो आणि बीमचा बाक चौथ्या घाताच्या पटीत. म्हणजे तीन मीटरचा स्पॅन सहा मीटर केलास की मोमेंट चौपट, आणि बीम तेवढाच ठेवलास तर बाक सोळापट. ग्राहक म्हणतो, ‘मॅडम, हॉलमध्ये मधे कॉलम नको.’ स्टील किती लागेल ते स्ट्रक्चरल इंजिनिअर काढेल. पण कॉलम काढला तर बीम छतातून किती खाली उतरेल, तो नेमका देवघराच्या दारावर येईल का, खालच्या पार्किंगमध्ये गाडी वळेल का, हे ग्राहकासमोर बसल्या बसल्या तुला दिसायला हवं. त्यासाठी गणितात शंभर मार्क लागत नाहीत, आकड्यांचा अंदाज लागतो. तो सरावाने येतो. मात्र खरं सांगते, आकड्यांचा मनापासून तिटकाराच असेल, छज्ज्याचं वरचं गणित वाचतानाच कंटाळा आला असेल, तर पाच वर्षं जड जातील. मग इंटिरिअर, ग्राफिक्स, ललित कला या वाटा तितक्याच चांगल्या आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

तंत्राच्या अभ्यासाचा आणखी एक फायदा कॉलेजात कुणी सांगत नाही. साइटवर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? मेमध्ये स्लॅब पडला की ठेकेदार आठवड्यात पाणी मारणं थांबवायला बघतो. ‘इतकी वर्षं असंच करतोय मॅडम, काही होत नाही.’ अशा वेळी आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, काय म्हणतं ते तोंडावर हवं. कोरड्या, गरम हवेत किमान दहा दिवस क्युरिंग, आणि फ्लाय ॲशसारखं मिश्रण असलेलं सिमेंट असेल तर चौदा दिवस करावं अशी शिफारस. आपल्याकडच्या बहुतेक गोण्या पीपीसीच्याच, म्हणजे अशा मिश्र सिमेंटच्याच, असतात, म्हणजे चौदा. गोणीवरचं नाव दाखवायचं, कलम सांगायचं, स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या पाळी घालून पाणी तुंबवून घ्यायचं. आवाज चढवावा लागत नाही. माझ्याकडे आलेल्या ज्या मुलींनी बांधकामाचा विषय मनापासून केला होता, त्या साइटवर सहा महिन्यांत रुळल्या. नुसती कॉम्प्युटरवर सुंदर चित्रं, म्हणजे रेंडर, करणाऱ्यांना वेळ लागला.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्यात व्यवहार आहे. सिव्हिल चार वर्षांचं, आर्किटेक्चर पाच वर्षांचं. सिव्हिलला सरकारी नोकरीच्या जाहिराती जास्त निघतात. सुरुवातीचा पगार आर्किटेक्टच्या ऑफिसात बेताचाच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ही दोन वेगळी कामं आहेत. इमारत उभी कशी राहील हे सिव्हिल बघतं. माणसं तिच्यात कशी राहतील हे आधी आर्किटेक्ट ठरवतो आणि मग दोघं मिळून ती उभी करतात. कायद्याचं म्हणशील तर १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बंदी त्या पदनामावर आहे, डिझाइनच्या कामावर नाही. म्हणून बाजारात डिझाइन करणारे अनेकजण दिसतील. स्पर्धा आहे, ती धरूनच चाल.

तिसरी वाट बहुतेकांना दिसत नाही, ती पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांचा आर्किटेक्चर असिस्टंटशिपचा डिप्लोमा असतो. तुझी बारावी झाली आहे, म्हणून तुला तो उलटा प्रवास ठरेल. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी दहावीतलं मूल असेल, पैशांची ओढाताण असेल आणि लवकर कमवायला लागायचं असेल, तर हा विचार जरूर करा. माझ्या ऑफिसातला सगळ्यात भरवशाचा माणूस डिप्लोमावालाच आहे. महापालिकेत किंवा एनआयटीत (नागपूर सुधार प्रन्यास) फाइल कुठे अडकली आणि युडीसीपीआरच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीच्या, कुठल्या नियमामुळे, हे तो मला सांगतो. गणित घेऊन तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर पुढे बी.आर्क.चा दरवाजाही बंद होत नाही. फक्त तिथे पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.

नागपूर की पुणे? हे घरच्या परिस्थितीवर आहे आणि त्यात मी पडणार नाही. होस्टेल, मेस, प्रवास धरून पाच वर्षांचा हिशेब बाबांबरोबर बसून मांड. मोठ्या शहरात व्याख्यानं, प्रदर्शनं, नामांकित ऑफिसं जास्त, हे खरंच. ट्रेनिंगचं सत्र बाहेरगावी करून ती उणीव बरीच भरून काढता येते, आणि मी तेच सुचवेन. पण ‘नागपुरात बघण्यासारखं काय आहे’ असं म्हणत असशील तर मला पटत नाही. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत बघ. हेन्री मेड यांनी केलेली, १९४० मध्ये पुरी झालेली. मेड म्हणजे नवी दिल्लीत कॅथेड्रल बांधणारे. दुपारी दोनला बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून तिच्या सावलीत जा आणि फरक अंगावर घे. दीक्षाभूमीचा स्तूप शेवदान मल यांनी आखलेला, १२० फूट उंच; सांचीचा स्तूप भरीव, हा आतून पोकळ. एवढा मोठा पोकळ घुमट कसा उभा राहतो, घुमटाच्या पायथ्याशी बाहेर ढकलणारा जोर कुठे जातो, हा प्रश्न घेऊन आत जा, स्ट्रक्चर्सचा अर्धा धडा तिथे आहे. महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे चौक उरलेत तोवर मोजून घे. आणि एका रविवारी सेवाग्रामला जाऊन बापूकुटी बघ. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू (कौलं), रुंद ओसरी. मेच्या दुपारी आत बसून घाम किती येतो ते बघ आणि मग आपल्या फ्लॅटशी ताडून पाहा. सोबत दहा-बारा हजारांची उपकरणं नकोत; एक टेप, एक साधा थर्मामीटर आणि स्केचबुक पुरे.

कॉलेज निवडताना ब्रोशरमधले रंगीत फोटो बघू नकोस. शक्य असेल तर ज्युरीच्या दिवसांत कॉलेजात चक्कर मार. भिंतीवर टांगलेल्या शीटवर सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारी ड्रॉइंग, आहेत का, ते किती मोठ्या स्केलवर आहेत, त्यात भिंतीची जाडी, वॉटरप्रूफिंग, छज्ज्याचा थर दिसतो का ते बघ. नुसते कॉम्प्युटरवरचे सूर्यास्त दिसले तर समज. बांधकामाच्या विषयाला साइट व्हिजिट होतात का, मटेरियल लॅबमध्ये खरंच विटा, फरशा, पाइप ठेवलेत की काचेच्या कपाटाला कुलूप आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं हाताने वीटबांधकाम करून बघतात का, हे विचार. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः प्रॅक्टिस करतात, हेही. या प्रश्नांची उत्तरं एकाच शहरातल्या दोन कॉलेजांत फार वेगळी मिळू शकतात, आणि एकाच कॉलेजात दोन वर्षांनी बदलूही शकतात; म्हणून मी इथे कुणाला नंबर देत नाही.

लॅपटॉपबद्दल विचारलं नाहीस, पण बाबा विचारतीलच. पहिल्या वर्षी महागडा घेऊ नका. पहिलं वर्ष ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि मॉडेलच्या सनबोर्डात जातं. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट पुढे लागतात, तोवर त्याच पैशांत चांगलं मशीन येतं. आणि सॉफ्टवेअरचे क्लास सुट्टीत लावायच्या आधी एका पूर्ण भिंतीचा, पायापासून पॅरापेटपर्यंतचा, सेक्शन हाताने काढून बघ. कुठे अडतेस ते तिथेच कळेल.

शेवटचं, प्रवेशाचं. व्हीएनआयटीतलं (नागपुरातली केंद्र सरकारची संस्था) बी.आर्क. नाटावर मिळत नाही, त्याला जेईई मेनचा दुसरा पेपर लागतो. तू तो दिला नसशील तर या वर्षापुरता तो विषय संपला, आणि नुसतं त्यासाठी वर्ष गाळावं असं मी म्हणणार नाही. बाकी कॉलेजांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून होतात. पात्रतेचे टक्के आणि विषयांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून सीनियरचं ऐकू नकोस, यंदाची माहितीपुस्तिका उघडून बघ. पसंतीक्रम भरायच्या आधी दोन कॉलेजांत जाऊन ये. आणि तिथल्या शीटचे फोटो काढू दिले तर इथे टाक, मी बघून सांगते.